चाकणची नोकरी गेली, निलंग्याला दोन एकर आहे: गावी परत यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर, नोकरी गेली. पुण्यात भाड्याचं घर, दोन मुलं, हाताशी सगळी मिळून ४ लाखांची शिल्लक. निलंगा तालुक्यातल्या (जि. लातूर) गावी आई-वडील, वडिलांच्या नावावर ४ एकर, वाटेकरी आपण आणि एक भाऊ, म्हणजे वाट्याला दोन एकर, एक विहीर जी जानेवारीपर्यंत टिकते. जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेलं घर. गावी येऊन शेती करावी का, आणि केली तर पैसे कशात घालावेत?

यावं. पण पहिलं वर्ष शेतीतून कमवायचं नाही, हातातली रोकड जपायची, ही अट मान्य असेल तरच. मंदीत गावी परतलेली कुटुंबं बहुतेक वेळा शेती येत नाही म्हणून बुडत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत बोअर, ट्रॅक्टरचा हप्ता किंवा पन्नास शेळ्यांचं शेड यांत शिल्लक संपते, आणि त्याच वर्षी पाऊस दगा देतो, म्हणून बुडतात.

निर्णय घेण्याआधी एकदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गावी आठ दिवस राहून या. लोक येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला येतात. तेव्हा ज्वारी कमरेला लागलेली असते, हरभरा घाट्यावर असतो, विहिरीत पाणी दिसतं. ते पाहून घेतलेला निर्णय मे महिन्यात अंगावर येतो. एप्रिलमध्ये प्यायचं पाणी कुठून येतं, किती घागरी येतात, आणायला कोण जातं, दुपारी लाइट किती तास असते, एवढं डोळ्यांनी बघा. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. शहराची ती गत, तर खेड्याचं काय ते वेगळं सांगायला नको.

आधी दोन एकरांचा हिशेब मांडू, कारण तो न मांडताच लोक राजीनामे देतात. कोरडवाहू सोयाबीनचा एकरी खर्च साधारण असा येतो: बियाणं २,८००, खत २,३००, नांगरट-पाळी-पेरणी ट्रॅक्टरनं ३,३००, तणनाशक आणि खुरपणी २,५००, दोन-तीन फवारण्या २,५००, काढणीचं गुत्तं ४,०००, मळणी क्विंटलमागं अडीचशेच्या हिशेबानं १,७५०. बेरीज १९ हजारांच्या पुढं. बऱ्या पावसाच्या साली ७ क्विंटल उतारा धरला आणि मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, क्विंटलला ४,३०० चा भाव मिळाला, तर हातात ३० हजार. म्हणजे एकरी ११ हजार, दोन एकरांचे २२ हजार, तेही पाच महिन्यांनी. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. पण तो पदरात पडायला आधी नोंदणी करावी लागते, मालात ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि पैसे जमा होईपर्यंत थांबायची ताकद लागते. ज्याच्या घरात दिवाळीला रोकड नसते तो काढणीच्या आठवड्यातच आडतीवर माल घालतो. म्हणून रोकड जपा असं म्हणतोय; ती असली तर भाव निवडता येतो.

४ लाखांची वाटणी अशी करा. १ लाख ६० हजार वर्षभराचा घरखर्च, महिना १३ हजारांच्या आसपास. हे वेगळ्या खात्यात ठेवा आणि महिन्याला ठरलेलीच रक्कम काढा. ५० हजार घराची दुरुस्ती आणि पाण्याची टाकी. ४० हजार दोन्ही हंगामांची पेरणी. ८० हजार जोडधंद्यासाठी, पण गावी येऊन सहा महिने झाल्यावरच. उरलेले ७० हजार दवाखान्यासाठी, त्याला हात लावू नका. पुण्यातून निघण्याआधी गाडीचा हप्ता असेल तर गाडी विकून तो मिटवा. गावात हप्त्याची तारीख चुकली की माणूस सावकाराकडं जातो, आणि शेकडा ३ रुपये महिना ऐकायला कमी वाटलं तरी ते वर्षाला ३६ टक्के होतात. कृषी सेवा केंद्राची उधारी हेही कर्जच. तिथं खत-औषध रोखीपेक्षा महाग लागतं आणि माल त्यांच्याच ओळखीच्या आडतीवर घालावा लागतो. त्यापेक्षा वडिलांच्या नावानं गावच्या सेवा सहकारी सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज घ्या. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्याच्या व्याज सवलतीमुळे बिनव्याजी पडतं. जुनं कर्ज थकीत आहे का, हे मात्र आधी सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्या. वडील बऱ्याचदा सांगत नाहीत.

आता कागद. सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) काढाच, पण तेवढ्यावर थांबू नका. इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचं नाव किंवा इनामाचा शेरा, आणि भूधारणा पद्धतीपुढं 'भोगवटादार वर्ग २' (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असं आहे का ते बघा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या कूळ-इनामाच्या नोंदींना १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू होतो. पुण्याकडच्या वकिलाचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही. आजोबांपासूनचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, क्रमानं काढा. आत्या आणि बहिणींची नावं कुठं गळाली असतील तर आज नाही उद्या ती बाब उभी राहते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. बहीण मनापासून हक्क सोडत असेल तर ते हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. तिला भाग हवा असेल तर तो धरूनच तुमचे एकर मोजा, मग दोनाचे कमी होतील. हे बोलणं अवघड आहे, पण विहिरीवर पैसे घातल्यावर ते आणखी अवघड होतं.

भावाभावांत तोंडी वाटणी झालेली असते आणि वर्षानुवर्षं चालते. भांडण जमिनीवरून कमी होतं, विहीर आणि वाटेवरून जास्त. म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून रीतसर वाटप करून घ्या. त्यात तीन गोष्टी शब्दांत लिहा: सामाईक विहिरीतला हिस्सा आणि पाण्याची पाळी किती दिवसांची, मोटारीचं वीज कनेक्शन कुणाच्या नावावर आणि दुरुस्तीचा खर्च कसा, आणि मागच्या तुकड्याला बैलगाडी-ट्रॅक्टर जायची वाट कुठून व किती फुटांची. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेखकडं मोजणी टाका. तारीख मिळायला वेळ लागतो, आणि मोजणी उभ्या पिकात होत नाही, म्हणून अर्ज दिवाळीतच करावा. बांधावरून नवी वाट हवी असेल तर संहितेचं कलम १४३ आहे. जुनी वाट कुणी अडवली असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. दोन्ही अर्ज तहसीललाच जातात, पण चुकीच्या कलमाखाली दिले की वर्ष वाया जातं.

जमीन सध्या बटईनं दिली असेल तर आणखी एक गोष्ट. आपल्याकडं शेतीचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं. सालगडी, बटई, ठोका, सगळे व्यवहार पाडवा ते पाडवा असतात. बटईदारानं चैत्र-वैशाखात नांगरट करून शेणखत टाकलं आणि तुम्ही जूनमध्ये येऊन जमीन मागितली, तर कायदा तुमच्या बाजूनं असेलही, पण पुढं खुरपणीला गावातून एक बाई येणार नाही. पाडव्याच्या महिनाभर आधी बोलणं करा.

पाण्याचा विषय नीट समजून घ्यावा लागेल, बाकी सगळं त्यावर उभं आहे. आपल्याखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. तो स्पंजासारखं पाणी धरत नाही. पाणी वरच्या मुरमात, कुजलेल्या खडकात आणि भेगांत साठतं. त्यामुळे एका बांधाला विहीर भरलेली आणि शंभर फुटांवर कोरडी, हे इथं नेहमीचं आहे. 'विहीर जानेवारीपर्यंत टिकते' हे मोजमाप नव्हे. ते मोजायची रीत अशी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोटार लावून विहीर शक्य तेवढी उपसा. मोटार बंद केली त्या क्षणी पाण्याची पातळी दोरीनं मोजून लिहा. बरोबर २४ तासांनी पुन्हा मोजा. या काळात भावानंही मोटार लावायची नाही. २० फूट व्यासाच्या गोल विहिरीत १ फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. २४ तासांत १० फूट चढलं तर ८९ हजार लिटर, २ फूट चढलं तर १८ हजार. आता एक एकर हरभऱ्याला तुषार संचानं एक हलकं पाणी, म्हणजे ४ सेंटिमीटर, द्यायला १ लाख ६० हजार लिटर लागतं. पहिल्या विहिरीवर हे दोन दिवसांत होतं. दुसरीवर नऊ दिवस लागतात, आणि त्यातही निम्मं पाणी भावाचं. हाच प्रयोग फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि मार्चमध्ये पुन्हा करा. तीन आकडे हातात आले की पुढच्या वर्षी काय लावायचं हा प्रश्न जवळपास मिटतो. जानेवारीत झरा २-३ फुटांचा असेल तर ऊस, केळी, हिरवा चारा लागणारी मोठी गाय, हे सगळे विचार सोडून द्या. त्या विहिरीवर घरचा भाजीपाला, जनावरं आणि हरभऱ्याला फुलोऱ्याआधी एक पाणी, एवढंच बसतं.

पहिल्या वर्षी बोअर घेऊ नका. अगदी कुणी नारळ हातात धरून जागा दाखवली तरी नको. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर परवानगीशिवाय घ्यायला २००९ च्या भूजल कायद्यानं मनाई आहे, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की खोलवरच्या भेगेतलं पाणी वर्षानुवर्षं साठलेलं असतं. पहिल्या उन्हाळ्यात धो धो येतं, तिसऱ्या उन्हाळ्यात फुफाटा. खोल पाण्यात काही भागांत फ्लोराइड जास्त असतं, ते उकळून जात नाही.

बोअरच्या निम्म्याहून कमी पैशांत विहीर पुनर्भरण होतं. शेतातलं पाणी वाहून जातं त्या बाजूला, विहिरीपासून सहा-सात फुटांवर, ६ बाय ६ बाय ६ फुटांचा खड्डा घ्या. खाली दोन फूट मोठे दगड, त्यावर दोन फूट खडी, वर फूट-दीड फूट जाड वाळू. तळातून ४ इंची पाइप उतार देऊन विहिरीच्या कड्यातून आत सोडा, तोंडाला जाळी लावा. या खड्ड्याच्या अलीकडं तेवढाच, पण मोकळा खड्डा हवाच. त्यात गाळ बसतो आणि वरचं पाणी दुसऱ्यात जातं. बहुतेक ठिकाणी हा पहिला खड्डा वाचवायला जातात आणि काळ्या मातीचा गाळ वाळूवर साय धरल्यासारखा बसून दुसऱ्याच पावसाळ्यात सगळं बंद पडतं. वाळूचा वरचा थर दरवर्षी मे महिन्यात काढून धुवायचा. हीच विहीर प्यायला वापरत असाल तर शेतातलं पाणी तिच्यात सोडू नका, त्यात खत आणि फवारणीचं औषध येतं.

प्यायच्या पाण्यासाठी छप्पर वापरा. १ चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. ५०० चौरस फुटांचा पत्रा म्हणजे ४६ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस आणि पाचवा हिस्सा वाया धरला तरी २५ हजार लिटर होतं. आई-वडील धरून सहा माणसांना फक्त पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ६० लिटर पुरतं. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत १३५ दिवस धरले तर ८,१०० लिटर. म्हणजे १० हजार लिटरची टाकी पुरे. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी टाकीत घ्यायचं नाही. टाकी पूर्ण अंधारी हवी, नाहीतर शेवाळ धरतं. टँकरचं पाणी घेतलं तर १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत ओतावी आणि अर्धा तास थांबावं. पावडरची पिशवी उघडी राहिली तर तिचा वास जातो आणि गुणही जातो.

घराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या पट्ट्यात माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि माळवद अंगावर येऊन. 'आमचं घर तेव्हाही पडलं नाही' म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. त्या भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक थर असतो, मधे दगड-गोट्यांची भर. दोन्ही थर बांधणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यात भिंत उभी फाटते. वरून गळती थांबावी म्हणून दरवर्षी पांढरी माती टाकत गेलेले, त्यामुळे माळवद दीड फुटांचं झालेलं असतं. १० बाय १२ च्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे आठ टन वजन डोक्यावर. पहिलं काम ही माती उतरवून आठ इंचांवर आणणं, मधे जाड प्लॅस्टिक घालून. दुसरं, भिंतीत तीन-चार फुटांवर भोक पाडून सळई घातलेलं काँक्रीट भरणं, म्हणजे ते आरपार दगडाचं काम करतं. तिसरं, लाकडी खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरपे टेकू मारणं. भिंत पोट काढून बाहेर आली असेल तर यातलं काही करू नका, त्या खोलीत झोपणं बंद करा. हे सगळं एप्रिल-मे मधलं काम आहे. मुलांना अशा खोलीत झोपवण्यापेक्षा अंगणात विटांची एक साधी पत्र्याची खोली बांधलेली केव्हाही बरी. उकाडा होतो, त्यावर कडबा किंवा तुराट्या अंथरल्या की निम्मा कमी होतो.

आता दोन एकरांत काय पेरावं. घरात खायचं आधी, विकायचं नंतर. सहा माणसांना वर्षाला पाच-साडेपाच क्विंटल ज्वारी लागते. एका एकरात जूनमध्ये मूग पेरा, एकरी ५-६ किलो बियाणं. तो ६५-७० दिवसांत निघतो आणि त्याच्या बिवडावर रब्बी ज्वारी येते. मुगाचा धोका एकच, शेंगा वाळायला आणि पावसाला एकच गाठ पडते. म्हणून दोन तोडे करा, सगळं एकदम वाळायची वाट बघू नका. ज्वारी मालदांडी किंवा परभणी मोती, एकरी ४ किलो, किलोला ४ ग्रॅम गंधक चोळून, म्हणजे कणसावर काणी रोग येत नाही. पेरा १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्याआधी पेरली तर खोडमाशी पोंगा खाते, नंतर पेरली तर जमिनीतली ओल पुरत नाही. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा. आपल्या काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा त्यानं बुजतात. कोरडवाहू ज्वारीला कोळपणी हेच पाणी. मध्यम जमिनीत ५ ते ७ क्विंटल धान्य मिळतं आणि कडबा वेगळा. कडब्याकडं दुय्यम म्हणून बघू नका, दुष्काळी साली शेकडा पेंढीचा भाव धान्यापेक्षा जास्त पैसे देऊन जातो.

दुसऱ्या एकरात सोयाबीन आणि तूर, चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. तूर बदनापूर केंद्राची बीडीएन ७११ घ्या, लवकर येते म्हणून कोरडवाहूला जमते. सोयाबीन गेलं तरी तूर काहीतरी देते. सोयाबीनचं बियाणं भावाकडचं किंवा शेजारचं चालतं, मात्र उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या रांगेत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, सहाव्या-सातव्या दिवशी मोजा. ७० उगवले तर निखळ सोयाबीनला एकरी ३० किलो, ६० उगवले तर ३५ किलो. आंतरपिकात ओळींच्या प्रमाणात कमी. ६० च्या खाली असेल तर ते बी खळ्यावरच राहू द्या. या दाण्याचं टरफल फार नाजूक असतं. पोतं टेम्पोतून आपटलं की उगवण घटते, आणि दोष कंपनीला जातो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. मृगाच्या पहिल्या सरीवर घाई केली की दुबार पेरणी ठरलेली, आणि दोन एकरांच्या माणसाला दुबार पेरणी परवडत नाही. खोली ३ ते ४ सेंटिमीटर. ट्रॅक्टरवाला सैल जमिनीत सात-आठ सेंटिमीटरवर टाकतो, मग वर पपडी धरली की कोंब आतच वळतो. पहिल्या दोन ओळी पेरून झाल्या की ट्रॅक्टर थांबवा आणि बोटानं उकरून बघा. खताला एकरी एक पोतं डीएपी आणि २० किलो पोटॅश पेरणीबरोबर. नंतर युरिया फेकू नका, झाड माजतं आणि शेंगा कमी लागतात.

शेळ्यांबद्दल लोक फार आशेनं विचारतात. धंदा चांगला आहे आणि उस्मानाबादी शेळी आपल्याच भागातली, उन्हाला आणि झुडपी चाऱ्याला सरावलेली, बऱ्याचदा जुळी देणारी. पण पैसा कधी येतो ते पाहा. गाभण काळ १५० दिवस. विकत आणलेली शेळी रुळून फळायला एक-दोन महिने, मग पाच महिने, मग करडू विकायला आठ महिने. म्हणजे हातात पहिला पैसा चौदा-पंधरा महिन्यांनी. तोपर्यंत चारा-औषध घरून. म्हणून ५ शेळ्यांनी सुरुवात, त्याही बाजारातून एकदम नाही, आसपासच्या गावांतल्या कळपांतून, एक-दोन वेत झालेल्या. आठवडी बाजारातून दहा ठिकाणची जनावरं एकत्र आली की पंधरा दिवसांत पीपीआर (शेळ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) उठतो आणि अर्धा कळप जातो. नवी शेळी तीन आठवडे वेगळी बांधा. पीपीआरची लस द्या, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी मे महिन्यात, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला व शेवटी जंताचं औषध. जागा शेळीमागं १० चौरस फूट छपराखाली आणि दुप्पट मोकळी. सिमेंटच्या शेडवर पैसे घालू नका, मुरमाची उंच केलेली जमीन आणि तुराट्यांचा कूड पुरतो. ओल राहिली तर खुरं सडतात, त्यासाठी उंची महत्त्वाची.

पण पहिल्या वर्षीची खरी कमाई तुमच्या हातात आधीच आहे, ती म्हणजे फिटरचं काम. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत कमी दाबाच्या विजेनं मोटारी जळतात, आणि शेतकऱ्याला ती आजच्या आज भरून हवी असते, कारण विजेची पाळी उद्या संपते. मोटार भरणं, स्टार्टर, फूट व्हॉल्व्ह, बेअरिंग बदलणं, फवारणी पंप, पेरणी यंत्राचे फण, मळणी यंत्राच्या चाळण्या हे सगळं काम तालुक्याला जातं आणि चार-चार दिवस तिथं पडून राहतं. मोटार भरायचं काम येत नसेल तर निघण्याआधी दोन महिने कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये शिकून घ्या, त्या शिकण्याला ट्रॅक्टरपेक्षा जास्त किंमत आहे. गावात पैसे लगेच मिळत नाहीत, सुगीवर मिळतात. म्हणून तांब्याच्या तारेचे आणि सुट्या भागांचे पैसे आधी घ्यायचे, मजुरी सुगीला घ्यायची, असं पहिल्या दिवसापासून ठरवा. दुसरं, पुण्यातल्या तुमच्या सोसायटीत, कारखान्यातल्या मित्रांत ज्वारी आणि तूरडाळ खाणारी माणसं आहेतच. १०० किलो तुरीची ७० किलोच्या आसपास डाळ पडते, चुणी शेळ्यांना जाते. पाच-दहा किलोच्या पिशव्यांत तीस घरांनी वर्षाची डाळ घेतली तर तुमची सगळी तूर मोंढ्याच्या भावापेक्षा वर जाते. तुमच्या पत्नीला यात रस असेल तर हिशेब आणि गिऱ्हाईक त्यांच्याच हाती असू द्या. खाद्यपदार्थ विक्रीची एफएसएसएआय नोंदणी आधी करून घ्या.

बाकीचं लवकर सांगतो. रेशनकार्डावरची नावं पुण्यातून कमी करून गावच्या कार्डात घाला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठीही ते लागतं. मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षाच्या मधेही आठवीपर्यंत प्रवेश मिळतो, दाखल्यासाठी अडवता येत नाही. वडिलांचा शेतकरी ओळख क्रमांक आणि दर हंगामाची ई-पीक पाहणी (मोबाइलवरची पिकाची नोंद) चुकवू नका, त्याशिवाय अनुदान आणि हमीभाव दोन्ही अडतात. रोजगार हमीचं कार्ड काढून ठेवा, काम मागताना लेखी अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या.

शहरातून आलेल्या मुलांसाठी एक महत्त्वाचं: पावसाळ्यात जमिनीवर झोपू देऊ नका, शेतातल्या आखाड्यावर (खोपटात) तर मुळीच नाही. मण्यार रात्री अंथरुणात येतो, चावल्याचं कळतही नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात. बाज, चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी आणि उशाशी बॅटरी एवढं हवंच. चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, मंत्र हे काही नको. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. येण्याआधीच्या त्या एप्रिलच्या आठ दिवसांत एकदा रुग्णालयात जाऊन सर्पदंशावरचं विषरोधक इंजेक्शन तिथं असतं का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारा आणि घरापासून तिथं पोचायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा.

वेळापत्रक सांगायचं तर, एप्रिलमध्ये पाहणी, तोपर्यंत पुण्यात मिळेल ते काम. मोटार भरायचं शिकणं दिवाळीपर्यंत. दिवाळीत मोजणीचा अर्ज आणि भावाशी बोलणं. जानेवारीत विहीर उपसून झरा मोजायचा. पाडव्याच्या महिनाभर आधी बटईदाराशी बोलणं, आणि परीक्षा झाल्या की सामान घेऊन यायचं. मे महिन्यात माळवद आणि टाकी, जूनमध्ये ७५ मिलिमीटर मोजून पेरणी. पर्जन्यमापक महाग नसतो. तोही नको असेल तर सरळ उभ्या बाजूंचा सपाट बुडाचा डबा अंगणात, झाडापासून लांब ठेवा आणि रोज सकाळी आठ वाजता पट्टीनं मोजून वहीत लिहा.